थोरल्यानं केलेले वाटे

॥ श्री ॥

सांगली
२० सप्टेंबर २०२४

चि. सौ. शिवांजली हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

आबांचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. तू निघाल्यावर तुझ्यासाठी भरलेला शेंगांचा डबा आईनं चुकून माझ्या गाडीत ठेवला. डबा इथं सुखरूप आहे. शेंगांची खात्री देत नाही.

पत्र लिहितो आहे ते आबांच्या नियमामुळे. जमिनीचं बोलणं फोनवर करायचं नाही, कागदावर करायचं. फोनवर ज्याला त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू येतं, असं ते म्हणत. पलटणीतून निवृत्त होऊन आल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही.

रस्त्यात गेलेल्या शेताची भरपाई, चोवीस लाख, ऑगस्टच्या सुरुवातीला माझ्या खात्यावर आली. आईनं तिचा हिस्सा आपल्या दोघांत घातला. श्राद्धाच्या दिवशी आपल्या चुलत्याच्या उदयसिंहनं मला गोठ्यामागं नेलं आणि सांगितलं की शिवाकडून हक्कसोड लिहून घे, एक साडी नेसव आणि मोकळा हो, भावकीत सगळ्यांनी हेच केलं. मी त्याला म्हणालो की मी बहिणीकडून हक्कसोड घेणार नाही. अर्धं तुझं आहे.

पैसे नुसते पडून राहू नयेत म्हणून मी निम्म्याचे शेअर घेतले आणि निम्म्याचे बिटकॉइन. आज दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी आहे. मोडले तर कर आणि खर्च जाईल, म्हणून आहेत तसेच वाटू. आपल्याकडं रीत आहे की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळे थोरल्याला लबाडी करता येत नाही. वाटे मी केले आहेत. तू उचल.

दोन्ही काय आहेत ते सांगतो. शेअर म्हणजे चालत्या कंपनीतला वाटा. कंपनीला कारखाना असतो, पाटी असते, सकाळी डबे घेऊन माणसं कामावर येतात. नफा झाला तर लाभांश मिळतो. वर सेबीची नजर असते. विकले की दुसऱ्या दिवशी पैसे खात्यावर. भाव खाली-वर होतो, पण खाली काहीतरी जमीन असते.

बिटकॉइनच्या मागं कंपनी नाही, कचेरी नाही. तक्रार करायला दार नाही. लोकांना हवं आहे म्हणून त्याला किंमत आहे. बाजार दिवसरात्र चालू, दिवाळीतही. आठवड्यात निम्म्यावर आलेलं लोकांनी पाहिलं आहे. नफ्यावर तीस टक्के कर, आणि तोटा झाला तर तो कशातूनच वजा होत नाही. किल्ली म्हणून बारा शब्द असतात. ते हरवले तर पैसे गेले, कुणीही परत आणून देऊ शकत नाही.

कुठला वाटा चांगला ते मी सांगणार नाही, सांगणं योग्य नाही. दसऱ्यापर्यंत कळव. दाजींचा फोन आला तर माझा नमस्कार सांग.

लोभ आहेच, तो तसाच असू दे.

तुझा दादा
जयराज

*

सातारा
६ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
शिवाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना कॉलेजात तुझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. दोनदा वाचलं. एकदा समजायला आणि एकदा कुणी समोर बसून सांगतंय असं वाटावं म्हणून. हे लडाखला सीमेवर, फोन लागतो तेव्हा तीन मिनिटं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, भाऊ तुझा, पैसे तुझे, मला बर्फात कशाला विचारतेस.

मेस जोरात आहे. भरतीच्या अकॅडमीतली आणखी दहा पोरं आली. पहाटे धावून येतात आणि भाकरीवर अशी तुटून पडतात की शत्रू बघून पळावा. भाकऱ्या थापणाऱ्या सुलाबाईंना मी सांगितलं की भावानं आपणहून अर्धं दिलं. त्यांनी थापता थापता विचारलं की आजारी हाय का त्यो.

मी शेअर उचलते. बारा शब्दांशी आले आणि थांबले. मला गॅस बुकिंगचा नंबर पाठ राहत नाही. सिलिंडर संपल्यावर मी पोरांना विचारते. शिवाय मेसची जागा मालक विकणार म्हणतोय. तळमजला, मागं मोरी, पुढं सायकली लावायला जागा, असं पुन्हा मिळणार नाही. बँक कर्ज देते पण आपले बारा लाख आधी दाखवा म्हणते. बरोबर बारा. तुझ्या पत्रातला आकडा वाचला तेव्हा मी पदरानं डोळे टिपले, सुलाबाईंना सांगितलं की कांदा आहे.

शेंगा संपल्या असतील तर डबा तरी परत कर. तो माझा आहे.

वहिनींना नमस्कार. माया असू दे.

तुझी
शिवा

*

सांगली
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शिवांजली हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शहाणी निवड आहे. सगळे शेअर तुझ्या डिमॅट खात्यावर केले, संदेश आला असेल. बिटकॉइन माझ्याकडं ठेवतो. कुणीतरी ते ठेवायलाच हवं.

भाऊबीजेला येतो. लोभ असू दे.

जयराज

*

सातारा
१२ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेला आलास आणि चहा पिऊन गेलास. जेवला नाहीस. साडी फारच भारी आणलीस. ती नेसून मी मेसमध्ये आमटी वाढू का? दर वर्षीची पाचशेची आणली असतीस तरी ओवाळलं असतं. वहिनी सोबत आल्या नाहीत म्हणून विचारलं तर तू रस्त्याकडं बघत म्हणालास की त्यांना काम होतं.

जागेच्या मालकानं मुदत दिली, फेब्रुवारी अखेर. त्यानंतर दुसऱ्याला देणार. शेअर जरा उतरलेत, पुन्हा बारा भरले की विकेन. मी रोज बघत नाही, सोमवारचे सोमवार बघते. तू लिहिलं होतंस की खाली काहीतरी जमीन असते, म्हणून घाबरत नाही.

पेपरात वाचलं की बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेलं. आमची पोरं ताटावर बसून त्याचीच चर्चा करतात, एकाच्याही खिशात बसभाडं नसतं. म्हणजे तुझा वाटा दीडपट झाला ना? मला खरंच बरं वाटलं. माझ्याकडं असतं तर मी पहिल्या आठवड्यातच भिऊन विकलं असतं. तुझ्या हाती पडलं ते योग्य झालं.

ऑक्टोबरनंतर तुझं एकही पत्र आलं नाही. माझं काही चुकलं का? अर्धं घेतलं म्हणून कुणी तुला टोचून बोलत असेल तर मला सांग.

माया असू दे.

तुझी
शिवा

*

॥ श्री ॥

रहिमतपूर
१२ जानेवारी २०२५

चि. जयराज यास,
आईचा आशीर्वाद.

हिकडं समदं बरं हाय. गुडघा दुखतोय पण त्यो काय आजचा न्हाई. म्हस गाभण हाय.

तुला कळवायचं म्हंजे उदयसिंह परवा अंगणात येऊन लय बोलला. आवं काकी, तुमच्या पोरानं माज्या घरात काडी लावली म्हणला. कारण त्येची भन लीलाबाई आता म्हणतीया, जयराजनं भनीला दिलं, मग माजं कुटं हाय. मागल्या हप्त्यात आलेली, दोन दिस राहिली, जेवली आन वकिलाचं नाव सांगून गेली. मी उदयला म्हनलं, बाबा माजं लेकरू शिकल्यालं हाय, त्येला जे बरुबर वाटलं त्ये त्येनं केलं, तुला पायजे तर चा पी न्हाईतर वाटंला लाग. चा पिऊन गेला.

गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी तुजा सत्कार धरलाय, सव्वीस जानेवारीला. शाल आन नारळ. तू भाषण करायचंस. न्हाई म्हणू नगंस, बोर्ड लावलाय, तुजा फोटू हाय त्यावर. फोटूत तू जाड दिसतुस.

मी बी माज्या भावास्नी सही करून दिली हुती, लग्नाच्या दुसऱ्या वर्साला. हिरवी साडी दिली त्येंनी. तवा मला कायसुदिक वाटलं न्हाई, रीतच ती. आता तुजं ह्ये बघून वाईट वाटतंय. पर चांगलं बी वाटतंय, की माज्या पोटचा असा निगाला.

सुनंला घिऊन ये. लोभ हाय त्यो न्हाई तर काय हाय आपल्याकडं.

तुजी आई
बनुबाई

*

सांगली
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शिवांजली हिस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला. परीक्षांचं काम होतं. तुझं काही चुकलेलं नाही आणि मला कुणी टोचत नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

सत्काराला तू मेस सुलाबाईंवर सोडून आलीस. मला अपेक्षा नव्हती. मी मुलींच्या समान हक्काच्या कायद्याबद्दल बोललो. वीस वर्षांपूर्वी झालेला कायदा, वर्गात दर वर्षी शिकवतो, तोच तास तिथं घेतला. तू पुढं बसून टाळ्या वाजवल्यास. लीलाबाईनं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. ती माझ्याहून मोठी आहे. मी मागं सरकलो तर लोकांना तो नम्रपणा वाटला. तुझी अश्लेषा वहिनी आली नाही, तिला ताप होता.

शेअरबद्दल. बाजार सगळाच उतरतो आहे, तुझ्याच कंपन्या नाहीत. अशा वेळी विकणं चूक. वर्ष-दोन वर्षांत भरून येतं, असाच आजवरचा अनुभव आहे. धीर धर.

शाल कपाटात ठेवली आहे.

लोभ असू दे.

जयराज

*

सातारा
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

धीर धरते. जागेचा मालक धरत नाही.

शेअर आज विकले तर दहा लाख येतील, त्याहून जरा कमीच. बँक बारावर अडून आहे. मी साहेबांना म्हटलं की पोरं महिन्याच्या महिन्याला पैसे देतात, तुम्ही येऊन जेवून बघा. ते जेवले, आमटी आवडली, पण बारा म्हणाले.

दादा, दोन लाख उसने देशील का? तुझ्या वाट्याला फायदा झाला म्हणून मागत नाही, तो तुझा आहे, जोखीम तू घेतलीस. बँक घेते तेवढं व्याज देईन. अकॅडमीची नवी तुकडी जूनमध्ये येते, दिवाळीपर्यंत फेडते. यांना विचारलं नाही, मी मागते आहे.

हे लिहायचं की नाही यात चार दिवस गेले. आधीच अर्धं घेतलंय आणि वर हात पसरते असं वाटतं. तू नाही म्हणालास तरी मनात काही ठेवणार नाही. फक्त महिनाअखेरीच्या आत कळव.

माया असू दे.

तुझी
शिवा

*

सांगली
८ मार्च २०२५

चि. सौ. शिवांजली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मला बारा फेब्रुवारीला मिळालं. टपालाचा दोष नाही.

जानेवारीत माझा वाटा जवळजवळ वीस लाखांवर गेला होता. मग उतरू लागला. तुझं पत्र आलं तेव्हा मी हिशेब केला. आणखी उतरलं आणि तुझं थोडं चढलं तर दोन्ही वाटे पुन्हा सारखे होतील. मग मला काही सांगावं लागणार नाही, आणि तुला दोन लाख मी भाऊ म्हणून देईन. म्हणून थांबलो. रोज सकाळी उठून माझंच नुकसान किती झालं ते पाहत होतो आणि कमी झालं असलं तर निराश होत होतो. माझं उतरलं, पण तुझंही उतरत राहिलं. आज माझे सोळा आहेत, तुझे दहाच्या आत. महिनाअखेर कधी गेली ते मला माहीत आहे. मुद्दाम माहीत नसल्यासारखं राहिलो.

आता सप्टेंबरचं पत्र. त्यात एक शब्द खोटा नाही. मी ते पुन्हा वाचलं, आजही वर्गात तसंच शिकवीन. पण आबांच्या पैशांच्या आधीपासून माझी स्वतःची शिल्लक मी बिटकॉइनमध्ये घातली होती, हे त्यात नाही. दिवाळीपर्यंत ते बरंच चढेल असं मला वाटत होतं, हेही नाही. वाटणं चूक ठरू शकलं असतं. तरी तुला सांगायला हवं होतं, पण मला ते माझ्याकडंच ठेवायचं होतं. तुला आकडे पाठ राहत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत आहे. बारा शब्दांचं वाक्य मी शेवटी लिहिलं. पहिल्या खर्ड्यात ते मध्ये होतं.

पैसे मोडून बारा-बारा लाख करता आले असते. कर फारसा लागला नसता. मला मोडायचे नव्हते.

आपली रीत जमिनीसाठी होती. दोघं भाऊ बांधावर उभे राहत, माती दोघांना दिसे, विहीर दोघांना दिसे. इथं वाटे मी केले, मीच दाखवले, आणि उचलताना तुझा हातही मीच धरला होता.

पत्र टाकण्याआधी अश्लेषानं वाचलं होतं. ती म्हणाली की शेअरबद्दल असं लिहिलंय जसं खपत नसलेलं स्थळ सुचवावं. मी हसलो. तेव्हापासून ती तुझ्यासमोर आली नाही. सव्वीस जानेवारीला तिला ताप नव्हता. मला शाल पांघरलेलं तिला बघायचं नव्हतं.

दोन्ही वाटे एकत्र करून निम्मे केले तर तुला सव्वातीन लाख यायचे राहतात. कर आणि खर्च माझ्याकडं. तू होय म्हण, त्याच दिवशी पाठवतो. आईला मी स्वतः जाऊन सांगणार आहे आणि शाल मंडळाला परत देणार आहे. त्याशिवाय मला गावात तोंड दाखवता येणार नाही.

लोभाची विनंती करायला हात होत नाही.

जयराज

*

सातारा
१६ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जागा गेली. एक मार्चला मालकानं ती मोबाईल दुरुस्तीवाल्याला दिली. मेस आता पलीकडच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नेली, तीही भाड्यानंच. शेगड्या, पातेली पोरांनी उचलली. सिलिंडर जिन्यावरून चढवतात तेव्हा मी दुसरीकडं बघते. सुलाबाईंचे गुडघे जिना मानत नाहीत. महिनाअखेर सोडते म्हणाल्या. नऊ वर्षं होत्या. तुझं हे पत्र फेब्रुवारीत आलं असतं तर जागा मिळाली असती. एवढंच लिहिते, यात वाढवण्यासारखं काही नाही.

सप्टेंबरचं पत्र वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. तू ऊस तोडायचास आणि मला म्हणायचास की शेंडा घे, शेंडा कोवळा असतो, तुझ्या दाताला सोपा. खोटं नव्हतं ते. शेंडा कोवळाच असतो. बुडखा गोड असतो, हे तू सांगायचा नाहीस. तरीही मी शेअर घेतले. मला वाटलं, अर्धं मिळतंय हेच खूप, त्यातलं बरं-वाईट बघत बसले तर माहेर राहणार नाही. आईनं सही करून दिली, मी सही न करता थोडं सोडून दिलं. वर तुला लिहिलं की तुझ्या हाती पडलं ते योग्य झालं. तेही पूर्ण खरं नव्हतं. मी बोलले असते तर तू तिथंच थांबला असतास, कदाचित. ती माझी चूक. ती मी माझ्याकडं ठेवते, तुझ्यात मिसळत नाही.

सव्वातीन लाख पाठव. मी नको म्हणावं, मग तू आग्रह करावास आणि त्यात तुझं मन हलकं व्हावं, तसं मी करणार नाही. खाते क्रमांक तुझ्याकडं आहे. उपकार म्हणून घेत नाही आणि माफी म्हणूनही घेत नाही. माझे आहेत.

आईला सांगायचं नाही. शाल परत द्यायची नाही.

परवा लीलाबाई आली होती. वकिलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. उदयसिंह सगळ्यांना सांगत फिरतोय की शिकलेली माणसं बोलतात एक आणि करतात एक. त्याच्याकडं पुरावा नाही. तू शाल घेऊन मंडळात गेलास तर त्याला तो मिळेल, आणि लीलाबाईला तिचे भाऊ एक साडी देऊन घरी पाठवतील. सगळं सांगून टाकलं की तुला बरं वाटेल, हे मला कळतं. पण त्याची किंमत तिनं का भरायची? तिचा हिस्सा तिच्या नावावर होईपर्यंत तू बहिणीला अर्धं देणारा भाऊ आहेस. गावात जायचं, लोक नमस्कार करतील तो घ्यायचा, आईनं कौतुक केलं की ऐकून घ्यायचं. तारखेला तिच्यासोबत कोर्टात जाऊन उभा राहा. मी तिला तू येशील म्हणून सांगितलंय.

वहिनींना म्हणावं, माझ्याकडं यायला त्यांना काहीच अडचण नाही. एकट्या आल्या तरी चालेल.

तुझ्याशी फोनवर बोलायला मला अजून वेळ लागेल. पत्र लिही.

शिवांजली